खारट मातीतलं इसाले

प्रिय आइकाताई,

हे पत्र सोंगेयाच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातून येतंय. मी तुझं वर्णन करायला लागलो तर तोच म्हणाला, "ती डोंगराकडची उंच चग्गा बाई ना? बाजारामागे शिवणयंत्र घेऊन बसते, हसली तर दंड पडेल असं तोंड करून?" म्हटलं, तीच माझी बहीण. म्हणजे तिकडेही तू बदलली नाहीस. फोनच केला असता, पण माझ्या तोंडून 'बाबा' निघालं की तू ठेवून देतेस, हे आता मला पाठ झालंय. कागद फाडता येतो हे मलाही कळतं, पण फाडेपर्यंत निदान चार ओळी वाचून होतील. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे. अक्षर वाकडं येईल, आणि सांगता सांगता मी भलतीकडेच निघून जाईन. जाऊ दे मला. जे सांगायचंय तिथे सरळ चालत जाण्याचा धीर मला अजून होत नाही.

तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी मेरेरानीच्या खाणीत निळे खडे शोधत होतो. खडा एकही मिळाला नाही, खोकला मिळाला. मग टुंडुमाच्या ट्रकवर क्लीनर झालो. तिथे ड्रायव्हर दर घाटात देवाचं नाव घेऊन स्टिअरिंग सोडून द्यायचा, म्हणून उतरलो. बागामोयोला मासेमारीला गेलो तर बोट लागली, ओकून ओकून अर्धा झालो. तिथला तांडेल म्हणाला, "अरे, डोंगरातल्या माणसाला समुद्र पचत नाही, जा, केळी लाव." मग लागलो दार-एस-सलामला, खाडीपलीकडच्या किगांबोनीत, फेरीच्या रस्त्यावर बिबी म्वानाहावाच्या रोपवाटिकेत. रोपवाटिका म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला एक मोठं बदामाचं झाड, त्याखाली सिमेंटच्या कुंड्या, कापलेले तेलाचे डबे, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत बिबी. किनाऱ्यावरचे लोक आपल्या सगळ्यांना 'मंगी', म्हणजे दुकानदारच म्हणतात हे तुला माहीत आहे, दुकान असो वा नसो. बिबीने पहिल्या दिवशी मला वरून खालून पाहिलं आणि विचारलं, "चग्गा आहेस आणि स्वतःचं दुकान नाही? लहानपणी डोक्यावर पडला होतास का रे मंगी?" मी म्हटलं, बिबी, दोनदा. तिला ते आवडलं. माझी नोकरी अशी लागली.

बाबा गेल्या वर्षी कोरड्या दिवसांत खाली आले. (ताई, ठेवू नकोस. इथून पुढे तो शब्द बऱ्याचदा येणार आहे.) घशात गाठ होती. मोशीच्या डॉक्टरांनी दार-एस-सलामच्या मोठ्या इस्पितळाचा कागद दिला होता, आणि इथे त्यांचं असं कोण, तर मी. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो. इतका धिप्पाड माणूस, ताई, कोट खांद्यावरून निसटत होता. पेटी नव्हती, पिशवीत दोन सदरे, आणि मांडीवर स्वयंपाकाच्या तेलाचा एक डबा, त्यात मातीसकट इसालेचं रोप. आपल्या कुंपणातलं, दक्षिणेच्या कोपऱ्यातलं, जिथे पाटाचं पाणी आत येतं तिथलं. सगळा प्रवास तो डबा त्यांनी कुणाच्या हातात दिला नव्हता म्हणे. फेरीवर एक बकरी त्यातली पानं खायला आली तेव्हा त्यांनी तिला अशी काही शिवी हासडली, की बकरीचा मालक म्हणाला, "म्हाताऱ्याचा आवाज बसलाय, पण शब्द अजून उभे आहेत." मी विचारलं, हे कशाला आणलंत? म्हणाले, "आइकारूवाला पान पाठवायचंय." एवढंच. तुझं पूर्ण नाव त्यांच्या तोंडून मी कळत्या वयात पहिल्यांदा ऐकलं.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तू पळून गेलीस आणि बाबा रागावले. मी त्या वर्षी रोम्बोला काकांकडे शाळेत होतो. सुट्टीत घरी आलो तर तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, आणि तुझ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा नरमला, आता माफीचं पान पाठवेल, तू घेशील, कारण इसालेला नाही कोण म्हणतं, आणि मग नाताळला आपण सगळे वर घरी. मी तर तुझ्यासाठी बसमधली खिडकीची जागाही मनात धरून ठेवली होती.

तर ते इसाले. मी त्याला डब्यातून काढून सिमेंटच्या चांगल्या कुंडीत लावलं, खाली ताटली ठेवली आणि माझ्या खोलीच्या पायरीवर मांडलं. बाबा रोज सकाळी स्वतःच्या हाताने पेलाभर पाणी घालायचे. ताटलीत झिरपलेलं पाणी परत कुंडीत ओतायचे, वाया जायला नको म्हणून. आणि घरी केळीला घालतो तशी चुलीतली राख. दर दोन दिवसांनी मूठभर. महिन्याभरात एकेका पानाचं टोक तपकिरी व्हायला लागलं. आधी नखाएवढं, मग बोटाएवढं, कडेने पिवळी रेघ. मातीवर पांढरा पोपडा धरला, भिंतीला लोणा लागतो तसा, आणि कुंडीच्या बाहेरूनही पांढरे ओघळ. बाबांना वाटलं पाणी कमी पडतंय. म्हणून दोन पेले. मग आणखी राख. वर डोंगरात जन्म गेलेला माणूस, पाणी म्हणजे बर्फाचं, पाटातून खळखळत आलेलं. पाण्याचीही जात असते हे त्यांना कोण सांगणार? आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळ. त्याचा चहा केला तर दूध फाटतं. बाबा तो चहा पिऊन म्हणायचे, "हा चहा आहे की कुणी रडलंय यात?"

मी काय केलं सांगू? बिबीच्या दुकानात जे करतो तेच. जळकं टोक कात्रीने तिरकं छाटायचं, पानासारखीच निमुळती अणी काढायची, गिऱ्हाईकाला कळतही नाही. एका दुपारी बाबा झोपले असताना मी सगळ्या पानांची हजामत केली आणि सांगितलं, हे बघा, सुधारलं झाड, आता हवं ते पान तोडा. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं आणि देठापासून टोकापर्यंत बोट ओढत नेलं. टोकाशी थांबले. म्हणाले, "ही कात्री आहे." मग आत जाऊन पडले. मला वाटलं, केवढा हा हट्ट. जरासं टोक छाटलेलं पान ताईने बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी बिबीला सगळं सांगितलं, की आमच्यात असं असतं, भांडण झालं की इसालेचं पान गाठ मारून पाठवायचं, आणि समोरच्याने ते घ्यावंच लागतं, अगदी खून झाला असला तरी. ती सुपारी कातरता कातरता थांबली. "पानाने माफी? आमच्यात आधी सात पिढ्यांचा उद्धार करतात, मग चहा पाजतात. आणि समोरच्याला नकोच असेल तर?" म्हटलं, नको म्हणताच येत नाही. "मग ती माफी कसली रे मंगी, ती तर पोलिसांची नोटीस," असं म्हणून ती पुन्हा सुपारी कातरायला लागली. मी हसलो तेव्हा. ते वाक्य पुढे माझ्या घशात असं अडकलं की ते अजून खाली उतरलेलं नाही.

पण झाड तिने बघितलं. स्वतः चालत आली, कुल्ले सांभाळत, माझ्या पायरीपर्यंत. पोपड्यावर नख घासलं, जिभेला लावलं आणि बाबांच्या समोरच थुंकली. "म्हातारबा, तुम्ही झाडाला लोणच्यात घातलंय." मग त्यांना समजावलं. पाण्यातलं पाणी झाड पितं, थोडं ऊन पितं, पण मीठ कोण पिणार? ते मातीतच बसून राहतं. रोजचं पेलाभर म्हणजे रोजचं चिमूटभर. ताटलीतलं परत ओतलं म्हणजे निघालेलं मीठ परत घरात घेतलं. राख तर काय, तीही मीठच. आता मुळांभोवती एवढं साठलंय की मातीच मुळांतलं पाणी ओढून घेते, आणि तहान लागते ती सगळ्यात लांबच्या टोकाला. बाबांनी विचारलं, मग जळलेलं टोक हिरवं कधी होईल? बिबी म्हणाली, "ते? ते गेलं. ते कधीच होणार नाही. आतून नवीन पान आलं तर ते चांगलं येईल, तेही नशिबात असेल तर." बाबांनी मान हलवली. त्यांना या उत्तराचं वाईट वाटल्याचं मला दिसलं नाही. जणू त्यांना हे आधीपासून ठाऊकच होतं.

मग सुरू झालं ते धुणं. मी खुरप्याने वरचा पांढरा थर दोन बोटं खरवडून काढला, ताटली फेकून दिली, कुंडी दोन विटांवर चढवली. हातगाडीवाल्याकडून गोड्या पाण्याचे कॅन घेतले आणि हळूहळू, बारीक धारेने, कुंडीत मावेल त्याच्या कितीतरी पट पाणी ओतत राहिलो. खालून आधी चहासारखं निघालं, मग फिकं. थांबायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हातगाडीवाला म्हणायचा, "तुझ्या घरात झाडाला गोडं पाणी आणि बापाला खारं, कुठला न्याय हा?" बाबाच त्याला ओरडून सांगायचे की माझं मी बघतो, तू कॅन उतरव. ओरडायचे म्हणजे काय, फुसफुसायचे. तोवर इस्पितळाने घसा भाजायला सुरुवात केली होती. मशीनखाली रोज पडायचं. फेरीने जायचं, फेरीने यायचं, आणि गळ्याची कातडी काळी पडत चाललेली.

खाणं उतरेना. मी म्तोरी करायला शिकलो, ताई. हसू नकोस. केळी आणि मटण उकडून, घोटून घोटून, पेजेसारखं पातळ. तेवढंच गिळायचे. पहिल्या दिवशी वाडग्याकडे बघून म्हणाले, "बाळंतिणीचं जेवण. म्हातारपणी बाळंत झालो बघ." मी हसलो. तेही हसले असते, पण हसलं की दुखायचं. मग चमचा तोंडापाशी थांबला आणि त्यांनी मला विचारलं, "तिला दिलं होतं का कुणी?" मला कळेना कुणाला. मी म्हटलं, कुणाला बाबा? त्यांनी वाडगा खाली ठेवला. आणि मग मला सांगितलं.

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट मी तुला परत सांगत बसणार नाही. फक्त मला काय सांगितलं ते सांगतो, म्हणजे त्यांनी काही लपवलं का, ते तुलाच कळेल. तुला दिवस गेलेत हे कळल्यावर त्यांनीच तुला कुंपणाबाहेर काढलं, तू पळाली नव्हतीस. तू खाली मैदानात आत्याकडे गेलीस. तिथल्या दवाखान्यात मुलगा झाला आणि दोन दिवसांत गेला. तू त्याला कांग्याच्या कापडात गुंडाळून परत वर आलीस. घरात घ्या असं तू म्हटलंच नाहीस. किहाम्ब्यात, आपल्या केळीच्या वाडीत, आजोबांच्या थडग्याशेजारी, त्याच्यासाठी दोन हात जागा मागितलीस. आणि हात पुढे करून आत्याच्या व्हरांड्यातल्या डब्यातल्या इसालेचं पान धरलंस, गाठ मारलेलं. बाबा म्हणाले, "आपल्यात नाही म्हणता येत नाही. सगळी आळी बघत होती. मग मी पानाकडे पाहिलं. टोक जळलेलं होतं. मी म्हटलं, मेलेलं पान जिवंत माणसाला देतेस? हे इसालेच नाही. आणि आत आलो." मग म्हणाले, "म्हणून टोक नीट हवं. नाहीतर ती माझंच वाक्य मला परत देईल, आणि तिचं बरोबर असेल."

पुढचे दोन दिवस मी त्या कुंडीकडे बघितलं नाही. कामावर जायचो, यायचो, म्तोरी घोटायचो, चमच्याने भरवायचो. मी ज्या खाटेसमोर उभा राहून विचारलं होतं की ताई कुठे गेली, ती खाट पुन्हा पुन्हा दिसायची. कुंडीला पाणी बिबीने घातलं. मला वाटतं माझ्या तोंडावरून तिला काहीतरी कळलं असावं, कारण दोन दिवस तिने मला एकदाही मंगी म्हटलं नाही.

आणि मग मला एकदम आठवलं, आत्याचे दात. आठवतात ना? तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे, तिच्या सगळ्या आळीचे तसेच. ते पाणीच तसलं. क्षारांचं. मी रोपांना पाणी घालत होतो, झारी तशीच टाकून घरी धावत गेलो. आता मला कळलं होतं की तुझ्या पानाला काय झालं होतं. ते ना मेलेलं होतं, ना अपशकुनी. डब्यातलं झाड होतं, मैदानातलं पाणी होतं, बस. मला वाटलं, हे बाबांना सांगितलं की त्यांच्यावर वीज पडेल. मी दारातूनच ओरडलो, बाबा, ताईचं पान पाण्यामुळे जळलं होतं, नुसत्या पाण्यामुळे! ते भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीचे दात मी पाहिलेले नाहीत का? तिच्या व्हरांड्यातलं ते झाड मीच तिला नेऊन दिलं होतं. त्या पानाला काही झालेलं नव्हतं, पोरा. मला 'नाही' म्हणायचं होतं. आणि आपल्यात नाही म्हणायला जागा नसते, म्हणून मी टोकात जागा शोधली."

ताई, मला वाटलं होतं की मी काहीतरी शोधून काढलंय. बाहेर येऊन पायरीवर बसलो. शेजारच्या बाईची कोंबडी कुंडीतली माती उकरत होती, तिला हाकललं. का हाकललं ते मला सांगता येणार नाही. हात सवयीने उठला.

मग मोठा पाऊस लागला. मी पत्र्याची पन्हळ लावून पिंप भरायला लागलो. पत्र्यावर समुद्राचा खार बसतो म्हणून पहिलं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं धरायचं. त्या पाण्याने कुंडी इतकी धुतली की खालून निघणारं पाणी मी चाखून बघायचो, ते गोडं लागायला लागलं. आणि एका सकाळी मधल्या पानांच्या बेचक्यातून सुरळी वर आली. बाबा तेव्हा उठू शकत नव्हते. मी रोज सांगायचो, आज वीतभर झाली, आज उलगडायला लागली. पान पूर्ण उघडलं त्या दिवशी मी कुंडी आत नेऊन त्यांच्या खाटेशी ठेवली. त्यांना दिसतही कमीच होतं. त्यांनी देठाशी बोट ठेवलं आणि ओढत नेलं, खूप सावकाश, कडेकडेने, टोकापर्यंत. टोक मऊ होतं. बोट एकदा देठाशी परत आलं, पुन्हा टोकाकडे गेलं. म्हणाले, "हे आहे. तोड. गाठ मार. पाठव."

मी चाकू आणला. पानाच्या बुडाशी लावलाही. आणि मला तुझा हात दिसला, पान धरलेला. मी चाकू खाली ठेवला आणि म्हटलं, बाबा, मी हे पाठवणार नाही. हे तिच्या हातात पडलं की तिला नाही म्हणता येणार नाही. तुम्हाला म्हणता आलं. तिला नाही येणार, ती तुमच्यासारखी नाही, ती खोटं कारण शोधणार नाही, ती घेईल आणि आयुष्यभर बाळगत बसेल. मला वाटलं ते मला शिव्या देतील. त्या डोळ्यांना भिऊन मी लहानपणी किती वेळा चड्डीत मुतलोय ते तुला माहीत आहे. पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्या हातचं घेतलं नाही. बिबीने भरवलं. ती त्यांना म्हणाली, "म्हातारबा, पोरावर रागावून मरू नका, भूत होऊन याल आणि मला दोघांचंही ऐकून घ्यावं लागेल." मला वाटतं ते थोडं हसले.

त्यानंतर पानाचा विषय त्यांनी काढला नाही. कुंडी मात्र खाटेपासून हलवू दिली नाही, हात खाली सोडला की टोकाला बोट लागेल एवढ्या अंतरावर. एकदाच, मी उशी बदलत होतो तेव्हा, म्हणाले, "माझ्या थडग्यावर लावू नका ते." मी विचारलं, मग कुठे लावू? त्यांनी उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही की दम संपला होता, मला खरंच माहीत नाही. तू विचारशील म्हणून सांगतो, शेवटी तुझं नाव घेतलं का? नाही. पाणी मागितलं. गोडं दिलं, ते उतरलं नाही.

तर ताई, बाबा गेले. इस्टरनंतरच्या आठवड्यात. आम्ही त्यांना आणि कुंडीलाही वर नेलं, त्यांना आजोबांच्या शेजारी ठेवलं, जिथे तू जागा मागितली होतीस तिथेच. मी मुद्दाम तुला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर यायचं की नाही हे ओझं तुझ्यावर पडलं असतं. दफनानंतर काकांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, कुंडीतलं इसाले उशाशी लाव आणि ते पान तोडून पोरीला पाठव. आता मेलेल्या माणसाचं पान आहे, आता तर तिला तोंड उघडायची सोयच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी कुंडी उचलली आणि चालायला लागलो. मागून काका ओरडत होते, "भटक्या, कुंडी घेऊन कुठे निघालास? दुकान टाकतोस का?" बाबांच्या उशाशी त्यांनी कुंपणातलं दुसरं आणून लावलं. मी बसने खाली मैदानात आलो, आत्याकडे. ती आता काठीवर चालते. तिने मला दवाखान्याच्या मागे नेलं, शेवग्याच्या झाडाखाली, आणि तू बाळावर ठेवलेला दगड दाखवला. मी तिथे कुंडी फोडली आणि इसाले जमिनीत लावलं, आपल्या माणसांना लावतो तसं, डोक्याच्या बाजूला. तुला न विचारता लावलं. नको असेल तर उपटून टाक, मी एका शब्दाने विचारणार नाही. या पाकिटात पान नाहीये, ताई, परत परत बघू नकोस. ते झाडावरच आहे, टोकापर्यंत हिरवं. हे पत्र मी तिथल्याच रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत बसून लिहितोय. इथलं पाणी अजून तसंच आहे. पाऊस थांबला की आत्या याच नळाचं पाणी घालेल, तिच्याकडे दुसरं नाही, आणि टोकं जळायला लागतील. मी सांगतोय ते घाई करायला नाही. तू ये, नको येऊस, पान तोड, नको तोडूस. यावेळी नाही म्हणायला तुला कसलंही कारण लागणार नाही.

तुझाच,
अनाएली